हवालदाराशी बोलायचे नाही

आमच्या सोसायटीने यंदा सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला जोडून पाळीव प्राण्यांची स्पर्धा ठेवली आणि तीत आमच्या हवालदाराला पहिले बक्षीस मिळाले. पुढे जे झाले त्याचा उगम या बक्षिसात आहे.

हवालदार म्हणजे आमचा पोपट. पंधरा वर्षांपूर्वी, पावसाळ्याआधीच्या फांद्यांच्या छाटणीत मुलुंडमधल्या आमच्या गल्लीतल्या एका झाडाची ढोली फुटली आणि जेमतेम पिसे आलेले पिल्लू खाली पडले. बाबांनी ते उचलून आणले व भिजवलेल्या डाळीचा लगदा काडीच्या टोकाने भरवला. ते जगेल असे मला वाटले नव्हते, ते जगले. दाराची बेल वाजली की तो बाबांच्या आवाजात “कोण आसा?” असे दरडावून विचारू लागला. म्हणून हवालदार.

माझे वडील धोंडू सावंत तरुणपणी कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. तिथल्या गोंगाटात माणसे मोठ्याने आणि मोजके बोलतात. गिरणी गेली तरी बाबांची ही सवय गेली नाही. आईशी, माझ्याशी, माझ्या बायकोशी ते कामापुरतेच बोलत. अपवाद हवालदाराचा. रोज सकाळी बाल्कनीतल्या रंगाच्या जुन्या डब्यांतल्या मिरच्यांना पाणी घालताना ते त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत राहत: आज कुठल्या झाडाला फूल आले, कुठल्याला कीड लागली, गुडघा कसा दुखतो. मग एक लाल मिरची खुडून त्याला देत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. देशी पोपट घरात पाळण्यास कायद्याने बंदी आहे, हे मी वर्गात सांगतो आणि घरातही सांगत असे. घरचे ते हवामानाच्या अंदाजासारखे ऐकत. पक्ष्याला शब्दांचा अर्थ कळत नाही, हेही मी सांगत असे. त्यावर आईचे उत्तर ठरलेले होते, “तेका सगळा कळता. तुका कळना नाय.”

स्पर्धेसाठी माझ्या मुलीने, ऋतिकाने, खाकी फेल्ट कापून आणि चिकटवून त्याला एक टोपी बनवली. दोन लॅब्राडॉर आयत्या वेळी मंडपातल्या प्रसादाकडे गेले, पर्शियन मांजर टेबलाखालून बाहेर आले नाही, आणि हवालदाराने टोपी घालून माइकमध्ये “कोण आसा?” असे विचारले. निकाल उघड होता. कोणीतरी चित्रफीत काढली आणि ती सोसायटीच्या ग्रुपवरून बाहेर गेली. शहरातल्या कुणा अनोळखी पक्षिप्रेमीने ती पाहून वनविभागाकडे तक्रार केली. तक्रारीत खोडण्याजोगे एकही वाक्य नव्हते.

वनरक्षक आला तेव्हा दुपार होती. बेल वाजली.

“कोण आसा?” हवालदाराने विचारले.

“वनविभाग,” बाहेरून उत्तर आले.

“येवा, बसा,” हवालदार म्हणाला.

मी दार उघडले. विशाल नावाचा तो वनरक्षक सभ्य होता. त्याने घरात पाहिले, मग पिंजऱ्याकडे, आणि क्षणभर त्याला हसावे की नाही हे कळेना.

“आजोबा, याला ठेवता येत नाही,” तो बाबांना म्हणाला. “माहीत होतं ना?”

“झील सांगी होतो,” बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले.

“तेना काय केल्यान?” आईने विचारले. “चोरी केल्यान? कोणाक चावलो?”

“त्याने काही नाही केलं, मावशी. त्याला आपल्यासारख्यांपासून वाचवायचा कायदा आहे.”

बोरिवलीच्या उपचार केंद्रात नव्या पक्ष्याला वेगळे ठेवण्याचे पिंजरे त्या आठवड्यात भरलेले होते. पुढच्या सोमवारी स्वतः आणून द्या, असे सांगून, कागदावर माझी सही घेऊन तो गेला. जाताना त्याने केंद्रातल्या पशुवैद्य दर्शना यांचा नंबर दिला.

मी त्यांना लगेच फोन केला. तो सुटू शकेल का, हाच माझा प्रश्न होता.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं माणसांत राहिलेला पक्षी सोडणं अवघड असतं. सोडला की तो पहिली दिसेल त्या खिडकीत जाऊन बसतो. मग कावळे, मांजरं, नाहीतर पुन्हा पिंजरा. उडता आलं आणि माणसाकडे यायचं थांबला, तरच सोडतो. नाहीतर जन्मभर आमच्या मोठ्या पिंजऱ्यात.”

“आम्ही काय करू शकतो?”

“आजपासून त्याच्याशी बोलू नका. त्यानं हाक मारली तर ओ देऊ नका. खाणं ठेवा आणि बाजूला व्हा. सवय तुटायला तेवढीच मदत.”

मी हे घरात जसेच्या तसे सांगितले. आई रागाने स्वयंपाकघरात गेली. ऋतिकाने टोपी पिंजऱ्यावरून काढून तिच्या कपाटात ठेवली.

“मिया तेच्यावांगडा बोललय तर तो मरतलो?” बाबांनी विचारले.

“सोडल्यावर जगायची शक्यता कमी होईल, बाबा.”

“म्हणजे होय म्हण मा.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. माझे एखादे वैज्ञानिक विधान बाबांनी वाद न घालता मान्य केल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

दुसऱ्या सकाळी ते बाल्कनीत गेले, मिरच्यांना पाणी घातले, लाल मिरची खुडून पिंजऱ्यात ठेवली आणि वळले. हवालदार मिरचीकडे गेला नाही. तो “कोण आसा?” म्हणाला. बाबा उभे राहिले, पाठमोरे, हातात रिकामा तांब्या. मग आत आले.

पोपट थव्याने राहणारी जात आहे. दाट पानांत एकमेकांना न दिसणारे पक्षी आवाज देऊन परस्परांचा पत्ता ठेवतात. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने परत द्यायची. उत्तर न आल्यास हाक बदलून पाहणे हे त्यापुढचे अपेक्षित वर्तन. मला याचे वाचनातून पुरेसे ज्ञान होते. ते घडताना घरात बसून ऐकणे हा वेगळा अनुभव ठरला.

हवालदाराने त्याच्याजवळ होते नव्हते ते सगळे काढले. बेल वाजवून दाखवली. कुकरची शिट्टी दिली. श्रुतिकाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मोबाइलची जुनी रिंगटोन वाजवली. आईच्या आवाजात “चाय घेवा” म्हणाला; आई हातातले पोळपाट-लाटणे तसेच टाकून दार बंद करून बसली. ऋतिकाला तिच्याच लहानपणच्या बोबड्या आवाजात हाक मारली. ती कानांवर उशी दाबून अभ्यास करू लागली. आणि एका दुपारी, मी वह्या तपासत असताना, पिंजऱ्यातून माझा आवाज आला, शांत आणि समजावणीचा: “त्याला अर्थ कळत नाही.”

हे वाक्य तो कधी शिकला हे मला माहीत नाही. ते त्याने कशासाठी उच्चारले याचे माझे स्पष्टीकरण वर दिलेच आहे. मी पेन खाली ठेवले नाही.

बाबा आता सकाळी जेवणापर्यंत बाहेर राहू लागले. ऋतिकाला शाळेत सोडून ते तलावाकाठी जाऊन बसत. एकदा मी त्यांना आणायला गेलो तर बाकावर कोणी अनोळखी गृहस्थ त्यांच्याशी बोलत होते आणि बाबा नुसते पाहत होते.

“तुम्ही त्यांना उत्तर का नाही दिलंत?” मी वाटेत विचारले.

“सवय मोडता हा,” बाबा म्हणाले. विनोद होता की माहिती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आले नाही.

द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शेजारचा हर्षद होता, इस्त्रीचे चुकून आलेले कपडे घेऊन. आतून काहीही आवाज आला नाही. हर्षद बाहेर तसाच उभा राहिला, इतक्या वर्षांत “कोण आसा?” ऐकून “मी, हर्षद” म्हटल्यावाचून तो आमच्या घरात आलेला नव्हता. आम्ही आत आणि तो बाहेर, सगळेच थांबलो. हवालदार दांडीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“गप रवलो,” बाबा म्हणाले. “बरा झाला मा?”

“हो. चांगली खूण आहे.”

“मगे ठीक.”

सोमवारी रिक्षाने आम्ही बोरिवलीला गेलो, मी आणि बाबा. पिंजऱ्यावर चादर होती. बाबांनी तो मांडीवर धरला होता आणि खड्ड्यांवर रिक्षा उडाली की ते दोन्ही हातांनी तो उचलून धरत. केंद्रात दर्शना यांनी पिंजरा घेतला, वजन केले, पंख पसरून पाहिले. पक्ष्याने त्यांना चावा घेतला. त्यांना ते आवडले. त्याला दिसू नये म्हणून बाबा ठरल्याप्रमाणे दाराबाहेर उभे होते. त्यांनी खिशातून मिरच्यांची पुडी काढून माझ्याकडे दिली आणि ओठांवर बोट ठेवून आत जायची खूण केली.

घरी परतल्यावर त्यांनी रिकामा पिंजरा धुऊन माळ्यावर टाकला. मिरच्यांना पाणी घालणे चालू राहिले. आता ते मुकाट्याने होई.

दीड-दोन महिन्यांनी दर्शना यांचा फोन आला. बाबा शेजारीच होते, म्हणून मी स्पीकर लावला.

“उडायला लागलाय,” त्या म्हणाल्या. “या वयात इतकं होईल असं वाटलं नव्हतं. आणि माणसाकडे येत नाही. आम्ही आत गेलो की लांब जाऊन बसतो. न बोलायचं तुम्ही घरी फार मनापासून पाळलंत.”

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा सैल झाला होता.

“मग सोडणार?” मी विचारले.

“तिथेच अडलंय. मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपट आहेत, त्यांच्यात तो मिसळत नाही. म्हणजे, त्याला मिसळायचं असतं. कोणी त्याच्या दांडीवर येऊन बसलं की तो सरकत जवळ जातो. आणि विचारतो, कोण आसा. ते उडून जातात. हा मग दुसऱ्याजवळ जातो. थव्याशिवाय एकटा सोडला तर टिकणार नाही.”

“पोपटाचा आवाज काढत नाही?”

“घाबरला की ओरडतो. बाकी पोपटाचं काही येत नाही त्याला. ते ऐकायच्या वयात तो तुमच्याकडे होता.”

“यावर काही उपाय?”

“मला माहीत असलेला नाही.”

फोन ठेवला. आई दारात येऊन उभी होती. बाबा बाल्कनीकडे पाहत होते. तिथे मिरच्या पिकून लाल झाल्या होत्या आणि त्या आठवड्यात कोणीही त्या खुडल्या नव्हत्या.

“मगे ते काय सांगतत तेका?” बाबांनी विचारले. “तो विचारता, कोण आसा. ते काय सांगतत?”

“काही नाही, बाबा. त्यांना ती भाषाच येत नाही. ते उडून जातात.”

“एकव सांगना नाय?”

“नाही.”

बाबा उठले, कठड्यापाशी गेले. गल्लीतल्या त्या झाडावर संध्याकाळचा पोपटांचा कलकलाट सुरू झाला होता. उत्तर द्यायला निघाल्यासारखे त्यांनी तोंड उघडले. मग त्यांनी तोंड मिटले आणि तांब्या उचलला.