दाराजवळची खुर्ची

मित्रांनो, तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत दाराजवळ जी असायची ना, ती जुनी लाकडी खुर्ची मी. कैद्यांच्याच सुतारशाळेत माझा जन्म झाला. एक पाय जरा आखूड राहिला, त्यामुळे स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

माझ्यावर डॉक्टरबाई बसत. गुन्हा करून आलेल्यांच्या मनावर उपचार करणं हे त्यांचं काम. या कामात उपचार करणाऱ्यानं दाराजवळ बसायचं असतं, म्हणजे वेळ आलीच तर पटकन बाहेर पडता येतं. समोर बसणाऱ्या माणसानं रागाच्या भरात सख्ख्या भावाचा जीव घेतला होता. दोन वर्षं गप्प राहून तो आता कुठे बोलू लागला होता. ते ऐकताना बाई माझी कड घट्ट धरून ठेवत. घरी हे सांगायची सोय नव्हती आणि तुरुंगात जो तो म्हणे, "बाई, कशाला डोक्याला ताप करून घेता?"

एक दिवस बाईंनी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. माझ्या जिवाची नुसती घालमेल झाली. त्या गेल्या तर त्या माणसाचं ऐकणार कोण?

जाण्याआधी मात्र त्यांनी इतर तुरुंगांत हेच काम करणाऱ्या सहाजणांना बोलावलं. रविवारी दुपारी, जेलरसाहेबांच्या परवानगीनं, सगळे त्या खोलीत जमले. आणि सहाच्या सहाजण सवयीनं माझ्याकडेच वळले! एका थोराड डॉक्टरांनी तर माझी पाठ सोडलीच नाही. ओशाळून ते म्हणाले, "काय करू, दार लांब असलं की मला बसवतच नाही."

"मलाही," बाई म्हणाल्या. "घरीसुद्धा."

सगळे हसले. शेवटी दाराशीच दाटीवाटीनं खुर्च्या ओढून संध्याकाळपर्यंत बोलत बसले. भीती वाटते, हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"संघटनाच काढू या. नाव काय द्यायचं?" कुणीतरी विचारलं.

"नाव राहू द्या," बाई म्हणाल्या. "आधी पुढची तारीख ठरवा."

आज ती संघटना खूप मोठी झाली आहे. तिच्या सभांना गादीच्या खुर्च्या असतात. मी अडगळीत पडून आहे आणि त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या रविवारनंतरचा सोमवार मी विसरलेली नाही. राजीनामा पर्समध्येच राहिला होता. तो माणूस येऊन बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही कंटाळलात."

"घाबरले होते," बाई म्हणाल्या. "सांगा, पुढं काय झालं?"

मित्रांनो, सगळ्यांचं ऐकून घेणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. त्यांचं कोण ऐकतं, ते एकदा विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.