हॅरिएटच्या जोत्यांवर

लुडविक सरळ भिंतीतून आत आला. साठीला टेकलेला माणूस. ना हाक मारली, ना बूट झटकले. घडीची खुर्ची बगलेत मारून थेट आईच्या स्वयंपाकघरात! पोलोनाचं डोकंच फिरलं.

"दार कुठाय ते विसरलास, की लाज खाली दरीत ठेवून आलास?"

"आई, भिंत कुठाय इथे?"

भिंत नव्हतीच. दारही नव्हतं. होतं ते घोट्याएवढं दगडी जोतं, त्यात माजलेलं गवत आणि मधोमध पोलोनाने पसरलेली चौकड्यांची चादर. पण जुलैच्या शेवटच्या रविवारी हॅरिएट गावात हे कुणी बोलून दाखवत नसे. खाण बंद पडून कंपनीने गाव उठवलं, त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली. तेव्हापासून जुनी माणसं दर वर्षी डोंगर चढून येत, आपापल्या जोत्यावर चादर पसरत आणि एकमेकांकडे पाहुणे म्हणून जात. जायचं ते दारानेच. पलीकडच्या जोत्यावरचा नव्वदीचा इग्नातसुद्धा आत शिरताना मान वाकवायचा, कारण पोलोनाच्या दाराची चौकट बुटकी होती.

यंदा लुडविकने नवीनच खूळ काढलं होतं. पुढच्या वर्षापासून मेळावा खाली दरीतल्या गावात, नदीकाठच्या बागेत घ्यायचा. तिथे सावली आहे, बाकं आहेत, संडास आहे. जेवणं झाली की सगळ्यांना विचारायचं ठरलं होतं. आणि पोलोना म्हणेल त्याचीच सगळे री ओढणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"तुझ्या गुडघ्यांसाठीच म्हणतोय मी," लुडविक जोत्यावर टेकत म्हणाला.

"माझे गुडघे तुझ्याआधी वर पोचले. त्यांची वकिली तू करू नकोस."

"अगं, घर तर खालीच आहे ना तुझं? त्यातच राहतेस. इथे काय उरलंय?"

पोलोनाने चादरीचं टोक ओढून सरळ केलं. घर खाली होतं, हे खरंच. ज्याला हवं त्याने आपलं घर उचलून न्यावं, असं कंपनीने सांगितलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, मातियाने, इग्नातला हाताशी धरून अख्खं लाकडी घर जॅक लावून उचललं आणि ट्रकवर चढवलं. इग्नात कंपनीचा सुतार. पडदे काढा म्हणाला, तर पोलोना कडाडली होती, "माझं घर उघडंबोडकं गावातून जाणार नाही!" घाटाच्या प्रत्येक वळणावर ते पडदे फडफडत होते आणि ती मागच्या गाडीतून बघत होती. जणू घरच हात हलवत चाललं होतं.

खाली तेच घर, तीच खिडकी. पण तिच्यातून आता शेजाऱ्याचं गॅरेज दिसे. इथे असताना खाणीचं तोंड दिसायचं. दुपारचा भोंगा झाला की पोलोना बटाटे चुलीवर चढवी. एवढ्या उंचीवर ते शिजता शिजत नसत. खाली लवकर शिजतात, खालच्या गावाचं तेवढं एकच कौतुक तिला मान्य होतं. पाळी सुटली की माणसं बाहेर पडत, धुळीने सगळी सारखीच राखाडी. पण मातिया डावा खांदा पाडून चाले. तो खांदा दिसला की ती ताट मांडी. शनिवारी हॉलमध्ये अकॉर्डियन वाजे आणि सकाळी चर्चमध्ये निम्मं गाव पेंगे. मालकाच्या ज्या मुलीवरून गावाचं नाव हॅरिएट पडलं, ती बया इकडे कधी फिरकली नाही. "आली असती तर बटाटे सोलायला बसवली असती," असं पोलोना म्हणायची.

"येऊ का गं पोलोना?" इग्नात पायरीवर उभा होता. मान वाकवून आत आला. "अक्रोडाचा पाव केलायस, की खाणीतला सुरुंग उरला होता तो आणलास?"

"दात तुझे गेले, आणि बोल माझ्या पावाला?"

"या लुडविकने मात्र आज भिंत फोडली हं. बघितलं मी."

"वाट... सरळ होती," लुडविक म्हणाला.

पोलोनाने मान वळवली. सरळच होती. दार जोत्याच्या वरच्या अंगाला. तिकडे जायचं तर वळसा घालून थोडासा चढ चढावा लागे. एवढासा चढ! तिने पोराकडे नीट पाहिलं. खुर्ची अजून मिटलेलीच होती. दोन शब्द बोलून तो थांबत होता आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शीळ वाजत होती. ती शीळ तिने मातियाच्या शेजारी निजून, तो जाईपर्यंत, कितीतरी हिवाळे ऐकली होती. लुडविकही मिसरूड फुटल्यापासून खाण बंद होईतो त्याच धुळीत उतरला होता.

इग्नात पावाचा तुकडा घेऊन निघून गेला. तिने लुडविकच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला बनवू नकोस. तुझ्या बापाबरोबर संसार केलाय मी."

तो पेल्यात बघत राहिला. "हिवाळ्यापासून. कुणाला सांगू नकोस, आई. कीव करतात लोक. बाबांची केली होती, आठवतंय ना?"

"म्हणून माझे गुडघे पुढे केलेस होय?"

"तुझ्या गुडघ्यांना हसायची छाती आहे कुणाची इथे?"

हॉलच्या जोत्यावर माणसं जमू लागली होती. "पोलोनामावशी, चला! इथे की खाली, तुम्हीच सांगा!" कुणीतरी हाक मारली. तिने एकदा खाणीच्या तोंडाकडे पाहिलं. ते केव्हाच सिमेंटने बुजवलेलं होतं. तरी खांदा पाडून कुणी येतंय का, हे पाहायची तिची सवय गेली नव्हती.

मग ती उठली. कधी कुणाचा हात न घेणाऱ्या पोलोनाने लुडविकचं कोपर धरलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरगा म्हातारीला सावरतोय.

"सावकाश चल, मी लंगडतेय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी खाली बागेत. सगळ्यांना सांग, म्हातारीचे गुडघे गेले, तिला आता चढवत नाही. मी मान हलवीन. आणि उद्या सकाळी तू डॉक्टरकडे जाणार आहेस. मी बाहेर बाकावर बसून राहीन, पळालास तर तंगडं मोडीन."