तळहातावरचा नारळ

मोनिकाने कणकेचे हात फडक्याला पुसले, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आवाज वाढवला. बाहेरच्या खोलीत आप्पासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओढत नेली. रोज ओढून ओढून तिच्या पायांनी फरशीवर दोन करड्या रेघा पाडल्या होत्या. त्या पुसायचा नाद मोनिकाने केव्हाच सोडून दिला होता.

"नमस्कार मंडळी, 'चिमूटभर विज्ञान'मध्ये तुमचं स्वागत," मोबाइलमधली पोरगी म्हणाली.

"नमस्कार," आप्पासाहेब म्हणाले.

पिशोरचं शेत वाट्याने देऊन म्हातारा-म्हातारी लेकाच्या फ्लॅटात राहायला आली, तेव्हापासून आप्पासाहेबांशी रोज न चुकता बोलणारं माणूस म्हणजे ही पोरगी. लेक सत्यम कंपनीच्या बसने सकाळीच जायचा, सून मोनिका तिच्या बँकेत. पोरगी मात्र चहाच्या वेळी हजर असायची आणि चार गोष्टी सांगून जायची. आप्पासाहेबांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. मांजर आडवं गेलं की थांबायचं त्यांनी तिच्यामुळेच सोडलं, आणि मागच्या ग्रहणात तर बायकोच्या, सरूबाईंच्या, डोळ्यांदेखत तांब्याभर पाणी पिऊन दाखवलं. सरूबाई त्या दिवसापासून तिला 'तुमची पोरगी' म्हणू लागल्या.

"आज बोलू या जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या माणसांबद्दल," पोरगी म्हणाली. "तळहातावर नारळ आडवा ठेवून ही माणसं शेतातून चालतात, आणि जिथं पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो."

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला.

"अगं ये इकडं," त्यांनी बायकोला हाक मारली. "आज आपलं सांगायली ती."

सरूबाई पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

"नारळ खरंच उभा राहतो, मंडळी. पण त्याला उभा करतो तो त्या माणसाचा स्वतःचाच हात. ही हालचाल इतकी बारीक असते, की ज्याचा हात त्यालाही ती कळत नाही. मनाला जिथं पाणी असावंसं वाटतं, तिकडं हात वळतो. डोळे बांधून, जागेची काही माहिती न देता चाचण्या घेतल्या, तेव्हा या माणसांचा अंदाज तुमच्याआमच्या अंदाजाइतकाच निघाला."

मोनिकाचे हात पुन्हा कणकेत गेले होते. तिने कोपराने मोबाइल बंद करायचा प्रयत्न केला. तो डब्यावरून घसरला आणि ओट्यावर पालथा पडून बोलत राहिला.

"मग इतक्या विहिरींना पाणी कसं लागतं? तर पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली थोडंफार पाणी असतंच. लागलेल्या विहिरी लोक लक्षात ठेवतात, कोरड्या विसरून जातात. ही माणसं खोटारडी नसतात बरं का. ती बिचारी स्वतःच फसलेली असतात."

खोटारडा म्हणाली असती तर आप्पासाहेबांना राग तरी आला असता. 'बिचारी' म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना.

"आप्पा, हे काही सगळंच खरं नसतं," मोनिका म्हणाली.

"आजवर तर सगळं खरं होतं," आप्पासाहेब म्हणाले.

पोरीने मुहूर्त बरोबर साधला होता. सोसायटीची बोअर होळीलाच आटली होती. शहराच्या कडेला, देवळाईच्या या बाजूला पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी-बाजरी व्हायची, आता एकाला एक लागून इमारती उभ्या होत्या आणि प्रत्येकीची जमिनीत नळी खुपसलेली. नळाचं पाणी या भागात अजून यायचं होतं. टँकर यायचा, पण त्याच्या मनाला आलं की. शेवटी नवी बोअर घ्यायचं ठरलं. यंत्र लावून जमीन तपासणाऱ्या माणसाने दोन जागा दाखवल्या, एक गेटाजवळ आणि एक मागच्या भिंतीशी. दोन्हीकडे पाणी असू शकतं, म्हणाला. सोसायटीला एकच भोक परवडणार होतं. तेव्हा मीटिंगमध्ये सत्यम उठून म्हणाला होता, "आमचे आप्पा पायाळू आहेत. ते सांगतील कुठली."

आप्पासाहेब जन्मले ते पायांकडून, आणि अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं हे पिशोरच्या आसपास लहान पोरालाही ठाऊक. त्यांनी नारळ धरला आणि पाणी लागलं अशी शेतं त्या टापूत गावोगाव होती. त्यांतलं सगळ्यात मोठं यश तर त्यांच्यासोबत घरातच वावरत होतं. बहात्तरच्या दुष्काळात अजिंठ्याकडच्या एका मळ्यात त्यांच्या नारळाने विहिरीची जागा दाखवली. मळा सरूबाईंच्या वडिलांचा. विहिरीला पाणी लागलं, आणि वडिलांनी त्याच वर्षी पोरगीही देऊन टाकली. ही हकिकत सरूबाई लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईलाही ऐकवत, आणि आपला मजला आला तरी दार धरून ठेवत.

आज रविवार. दहाला खाली सगळे जमणार होते. सत्यम आंघोळ न करताच खुर्च्या मांडायला खाली गेला होता.

आप्पासाहेब देव्हाऱ्यापाशी गेले. आजच्यासाठी आणलेला लांब शेंडीचा नारळ त्यांनी उचलला, आणि खांद्यावरचं उपरणं सरूबाईंपुढे धरलं.

"बांध माझ्या डोळ्यावर."

"हे काय लेकराबाळासारखं?"

"बांध म्हणलं ना. डोळे बांधून केलं तर येत नाय म्हणती ती. बघू येतंय का नाय."

सरूबाईंनी गाठ मारली. आप्पासाहेबांनी नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवला आणि ते हळूहळू निघाले. सोफ्याला गुडघा लागला, टीव्हीच्या टेबलाला वळसा घातला. नारळ गप्प पडून होता. बेडरूमच्या दारातही तो हलला नाही. मग न्हाणीघराकडच्या चिंचोळ्या बोळात शिरल्यावर तळहातावर ओळखीची कुरकुर सुरू झाली. शेंडी उचलली गेली, नारळ डगमगला आणि ताठ उभा राहिला.

"राहिला," आप्पासाहेब म्हणाले. "राहिला का नाय? डोळे बांधलेत माझे. पिंप आहे इथं पाण्याचं, पिंपापाशीच राहिला."

इतका आनंद त्यांना गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता. पोरगी चांगली होती, हुशार होती, पण माणूस म्हटल्यावर चुकणारच. उद्या तिला माफ करून टाकायचं त्यांनी ठरवूनही टाकलं. त्यांनी पिंपावर थाप मारायला डावा हात पुढे केला. हात हवेतून गेला आणि भिंतीला लागला.

त्यांनी उपरणं वर सरकवलं. फरशीवर पिंपाचा गोल तांबूस डाग होता. पिंप नव्हतं.

"मोनिकानं सकाळीच नेलं," सरूबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही फिराया गेलते तवा. रिकामं झालतं म्हणून धुवून गॅलरीत पालथं घातलंय. टँकर येणारंय आज."

फिरून आल्यापासून आप्पासाहेब या बाजूला फिरकलेच नव्हते. जिथं पाण्याचा थेंब नव्हता, तिथं त्यांच्या हातावर नारळ अजून उभाच होता.

"चला की, वाट बघत असतील," सरूबाई म्हणाल्या.

खाली सोसायटीचे सेक्रेटरी हिमांशू हळदीकुंकवाचं ताट घेऊन उन्हात उभे होते. कॉलेजात शिकवणारा माणूस, पण पाण्यासाठी त्यांनी आपलं शिक्षण आज घरी ठेवलं होतं. बायका जिन्याच्या सावलीत होत्या, तीन-चार जणांनी चित्रीकरणासाठी मोबाइल वर धरले होते. सत्यमने इस्त्रीचा शर्ट चढवला होता. बापाला येताना पाहून तो शेजारच्याशी बोलायचा थांबला आणि नीट उभा राहिला.

"या काका," हिमांशू म्हणाले. "कुठून सुरुवात करू या?"

आप्पासाहेबांनी खाली पाहिलं. सगळीकडे सिमेंटचे लाल-पिवळे ठोकळे. शेतात ते उतरत तेव्हा आधी पाय नांगरटीत रुतायचे. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, उतार कुठल्या अंगाला आहे, हे नकळत डोळ्यांत शिरायचं. ते हाताला कळत असेल का? की तेही आपलं आत्ता, अंगाशी आल्यावर, मनाची समजूत म्हणून सुचतंय? त्यांना काही ठरवता येईना. पोरीला विचारावं तर ती मोबाइलमधली, तिला इकडचं ऐकू जात नाही.

त्यांनी नारळ तळहातावर ठेवला. कुजबूज थांबली.

गेटाकडे पाहिलं. शेंडी जराशी गेटाकडे उचलली गेली. मागच्या भिंतीकडे पाहिलं. नारळ दमाने फिरला आणि भिंतीकडे उठू लागला. त्यांनी पुन्हा गेटाकडे पाहिलं. तो पुन्हा गेटाकडे वळला. पन्नास वर्षं ज्याच्या मागे ते चालत आले होते, तो आज त्यांच्या मागे मागे येत होता. आप्पासाहेबांना भीती वाटली. त्यांनी पटकन दुसरा हात नारळावर ठेवून तो दाबून धरला.

"मला नाय कळत," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" हिमांशूंनी विचारलं.

"पाणी कुठंय ते. मला नाय ठावं."

सत्यम पुढे आला. "आप्पा, ऊन लागलं असेल. सावलीत बसा दोन मिनिटं, मग बघू."

"ऊन नाय लागलं मला." त्यांनी लेकाकडे न बघता नारळ हिमांशूंच्या ताटात ठेवला. "यंत्रवाल्यानं दावलंय ना, त्यातलंच घ्या. गेटापाशी घ्या. बोअरची गाडी आत आणायला बरं पडंल."

"म्हणजे गेटाजवळ पाणी आहे असं समजायचं का?"

"नाय. गाडीला बरं पडंल एवढंच समजा."

कुणीतरी हसलं. मोबाइल एकेक करून खाली आले. हिमांशूंनी गेटाजवळ चुन्याने फुली मारली, पूजा केली आणि नारळ फोडला. आतलं पाणी सिमेंटच्या ठोकळ्यांवरून फुलीच्या पलीकडे गेलं आणि बघता बघता वाळलं. खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन आप्पासाहेब लिफ्टपाशी आले. सत्यम सोबत होता, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत तो आकड्यांच्या बटणांकडेच बघत राहिला. घरात आल्यावर तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

मोनिकाने सासऱ्यांपुढे पाणी ठेवलं.

"आप्पा, उद्यापासून सकाळी गाणी लावत जाऊ का?"

"नगं. तीच लाव," आप्पासाहेब म्हणाले. "तिनं काय वाईट केलं?"

दुपारी सरूबाई फरशीवर लसूण सोलत बसल्या होत्या. आप्पासाहेब खुर्चीत होते, उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवून. त्यावर नारळाचा एक तांबडा धागा चिकटून राहिला होता. पिशोरचे, कन्नडचे, पार तिकडच्या डोंगरापलीकडचे मळे त्यांनी मनातल्या मनात फिरून काढले. कोरड्या गेलेल्या विहिरी आठवायला गेलं तर खरंच आठवत नव्हत्या. म्हणजे नव्हत्याच, की पोरगी म्हणाली तसं, ते विसरले होते? बाकीचं सगळं एक वेळ सोडून देता आलं असतं, पण एक विहीर सोडवेना.

"तुझ्या बापाच्या मळ्यात," ते शेवटी म्हणाले, "तिथंबी मीच उभा केला असंल का गं?"

"व्हय," सरूबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांना 'नाय' ऐकायचं होतं. इतक्या लगेच 'व्हय' येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तुला काय ठावं?"

"मी बघत व्हते की. गोठ्यापाशी भांडी घाशीत व्हते. तुमचे डोळे मिटलेले. माझं भांडं वाजलं की तुमचा नारळ इकडं वळायचा." त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "मी दोन-तीनदा वाजवून बघितलं. सगळा मळा सोडून तुम्ही आपले गोठ्याकडं यायले. बाबा म्हणले, पाणी तिकडंच दिसतंय."

"मग तवाच बोलली का नाय?"

"काय बोलू? मला बरं वाटलं."

गॅलरीत पालथं घातलेलं पिंप उन्हाने तडकन वाजलं. आप्पासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. भेटेल त्या प्रत्येक माणसाला त्या विहिरीची हकिकत सांगणारी हीच बाई होती.

"पण मग पाणी कसं लागलं?"

"ते मला काय इचारता? उद्या सकाळी तुमच्या पोरीला इचारा."

आप्पासाहेबांनी तळहात वर धरला, फिरवून पाहिला, पुन्हा मांडीवर ठेवला. त्यांना काही उलगडा होईना. सरूबाईंनी लसणाची वाटी उचलली, आणि काही गरज नसताना जरा जोरातच फरशीवर ठेवली. आप्पासाहेबांची मान तिकडे वळली.