फादर कायतानांचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, जरा हात मागे घ्या आणि लांबूनच ऐका. राग मानू नका, पण आमच्या जातीला कोणाचाच भरवसा वाटत नाही. घरातले सगळे चोर आणि बाहेरचे सगळे दरोडेखोर, असे समजूनच आम्ही जन्माला येतो. संशय हा आमचा पोटापाण्याचा धंदा. अशा मला उमेदीची सारी वर्षे एका भोळ्या माणसाच्या पदरी काढावी लागली, तीच ही कहाणी.

दीवच्या एका कारागिराने मला घडवले. तिथल्याच एका व्यापाऱ्याने मला गलबतात घालून आफ्रिकेला, मोझांबिकला नेले. बैरा बंदरातल्या त्याच्या दुकानात मी खिळ्याला लटकत होते, तेव्हा फादर कायतान आत आले. मूळचे गोव्यातल्या बार्देशचे, अंगाने काटकुळे, पांढरा झगा घातलेले पाद्री. बोलायला लागले की थांबायचे नाव नाही. घासाघीस न करता त्यांनी मला घेतले, तेव्हाच मी ओळखले की या माणसाला जग कुठेही फसवील.

त्यांनी मला एका लाकडी पेटीला लावले. पेटीत वरच्या खणात प्रार्थनेचे सामान असे: मेणबत्त्या, क्रूस, आजाऱ्यांच्या कपाळाला लावायचे तेल. खालच्या खणात हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणि मलमपट्टी. झांबेझी नदीच्या काठाकाठाने आम्ही गावोगाव फिरत असू. लोक त्यांच्याभोवती गोळा होत, आणि मी एकेकाच्या बोटांकडे पाहत राही. फादरांना त्यांची भाषा येई, त्यांची गाणी येत. रात्री किल्ली फिरवून ते मला बंद करीत आणि माझ्या पोटावर थोपटत. तो माझा वैभवाचा काळ होता.

एकदा फादर पेटी मागे ठेवून, मला बंद करून, नदीपलीकडे गेले. मागाहून पूर आला. ते पलीकडे अडकले, आणि किल्ली त्यांच्या कमरेला. इकडे मातेयुस नावाच्या धर्मशिक्षकाच्या बायकोला हिवतापाने गाठले. मातेयुस फादरांचा उजवा हात. गोळ्या माझ्या मागे, हातभर अंतरावर. दगडाचा एक घाव घातला असता तर पेटीची कडी उखडली असती. पण तो पेटीशेजारी बसून राहिला. "फादरांनी बंद केले आहे, म्हणजे काही कारण असेल," असे तो म्हणत होता. त्याची बायको गेली.

मी माझे काम चोख केले होते. शाबासकीची वाट पाहत होते. पूर ओसरल्यावर फादर आले, त्यांनी मला उघडले, आणि नदीवर जाऊन किल्ली पाण्यात भिरकावली. "त्याने माझ्यावर एवढा विश्वास ठेवला आणि मी त्याच्यासमोर कुलूप ठेवून गेलो," असे म्हणून ते मातेयुसच्या खांद्यावर डोके ठेवून रडले. आमच्यासारखी जुन्या घडणीची कुलपे किल्लीशिवाय बंदही होत नाहीत. तेव्हापासून मी पेटीच्या कडीत नुसते अडकवलेले. नावाचे कुलूप! फादरांनी मला टाकून मात्र दिले नाही. आठवण राहावी म्हणून बरोबर बाळगले.

म्हातारपणी त्यांना सिल्वासाला, इथल्या जुन्या चर्चमध्ये पाठवले. इथून पोर्तुगीज जाऊन काही वर्षे झाली होती, गोवाही मोकळा झाला होता. मुंबईहून, कोकणातून नवे मास्तर, नवे कारकून येऊन टोकरखाडा भागात राहू लागले होते. त्यांत होते सदाशिव गुरुजी. पहिल्याच भेटीत त्यांनी फादरांना नाव, गाव, आफ्रिकेत कशाला होतात, इथे कोणी धाडले, पत्रे कुठून येतात, सगळे विचारून घेतले. माझ्याकडे तर असे निरखून पाहिले की मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. इतक्या वर्षांनी एक शहाणा माणूस भेटला, मित्रांनो!

गुरुजींना खटकण्यासारखे होतेही बरेच. एरवी फादर वाटेत भेटेल त्याची विचारपूस करीत. गुरुजींच्या पत्नी नलिनीबाई अंगणात दिसल्या की "कशी आसा बाय? गुडघो दुखता?" असे विचारल्याशिवाय पुढे जात नसत. पण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हाच माणूस एका हातात पेटी, दुसरा हात छातीशी घट्ट धरून, खाली मान घालून जाई. कोणी रामराम केला तरी तोंडातून शब्द नाही.

"छातीशी काहीतरी लपवतो तो," गुरुजी घरी म्हणत, असे मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकले.

"छातीत दुखत असेल हो. म्हातारा माणूस," नलिनीबाई म्हणत.

"बरोबर पहिल्या शुक्रवारी दुखतं?"

 याचे उत्तर माझ्याकडे होते, पण कुलपाला कोण विचारतो? एका शुक्रवारी गुरुजी मागोमाग डोकमर्डीच्या वस्तीपर्यंत आले. तिथे एका झोपडीत आंतोन नावाचा म्हातारा अंथरुणाला खिळून होता. तो झांबेझीकाठचा. पोर्तुगीज फौजेबरोबर स्वयंपाकी म्हणून आला आणि फौज गेल्यावर मागेच राहिला. दोघे त्यांच्या भाषेत बोलत होते आणि गुरुजी कुडाला कान लावून ऐकत होते. परत गेल्यावर त्यांनी कचेरीतल्या रघुनाथ कारकुनाला सांगितले, "ती भाषा पोर्तुगीज नाही, इंग्रजी नाही, कुठलीच नाही. सांकेतिक आहे!"

अशात पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले. जो तो हेर शोधू लागला. गुरुजींना शोधायची गरजच नव्हती, त्यांच्याकडे तयार होता.

एका संध्याकाळी आंतोनची शेजारीण धावत चर्चमध्ये आली. "पादरीबाबा, डोसा आता जाते," एवढेच ती म्हणाली. डोसा म्हणजे म्हातारा. फादरांनी छातीशी ती वस्तू ठेवली, पेटी उचलली आणि झपाझप निघाले. तो शुक्रवार नव्हता. त्यामुळे टोकरखाड्याच्या वळणावर गुरुजींचा संशय एकदम पक्का झाला. ते आणि रघुनाथ आडवे आले. बघता बघता आणखी दहाबारा माणसे जमली.

"कुठे निघालात? पेटीत काय आहे?"

फादर गप्प.

"अरे, बोलते क्यों नहीं?" रघुनाथ ओरडला. "वायरलेस आहे ना आत? चावी काढा!"

फादरांनी फक्त पेटी पुढे केली. गुरुजींनी मला धरून जोराने हिसका मारला. जोर लावायची काहीच गरज नव्हती. मी अलगद त्यांच्या हातात आले आणि गुरुजींचाच तोल गेला. पेटीत मेणबत्ती, तेलाची कुपी, प्रार्थनेच्या वेळी गळ्यात घालायचा जांभळा पट्टा आणि गोळ्या. लोक एकमेकांकडे पाहू लागले. पण मी गुरुजींच्या मुठीत होते, आणि ती मूठ सैल झाली नव्हती.

"आणि छातीशी काय आहे?"

तेव्हा फादर पहिल्यांदा बोलले. आवाज अगदी हळू. "गुरुजी, माझ्याबरोबर चला. थंयच उघडतां. उशीर करू नका, माणूस वाट बघता."

गुरुजी निघाले. रघुनाथला त्यांनी पेटी उचलायला लावली. सगळी वाट मी त्यांच्या घामेजल्या मुठीत होते आणि आम्ही दोघे एकच विचार करीत होतो: आता सापडला.

झोपडीत आंतोनला घरघर लागली होती. फादर गुडघ्यांवर बसले, त्याच्या कपाळाला तेल लावले, त्याच्या भाषेत प्रार्थना म्हटली. मग छातीशी धरलेली चांदीची चपटी डबी काढून उघडली. आत कागदासारखी पातळ, पांढरी भाकरीची चकती होती. तिच्यात त्यांचा देव येतो, असे ते लोक मानतात. आंतोनने तोंड उघडले. पण कोरड्या घशातून ती उतरेना. फादरांचे दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी मागे पाहिले. "गुरुजी, पाणी."

गुरुजींनी मडके पाहिले, ते रिकामे. ते शेजारणीच्या दारी धावले आणि तांब्या घेऊन आले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात मी. आंतोनची मान उचलून धरायची तर एक हात मोकळा हवा. क्षणभर ते थबकले. मग त्यांनी मला कोटाच्या खिशात टाकले, त्या परक्या म्हाताऱ्याचे डोके मांडीवर घेतले आणि घोटघोट पाणी पाजले. त्याच मांडीवर आंतोन गेला.

परतीच्या वाटेवर फादर बोलायला लागले ते थांबेचनात. गुरुजींनी मध्येच विचारले, "मघाशी दोन शब्द बोलला असतात तर लगेच सुटला असतात. का नाही बोललात?"

"त्यावेळी मी एकटो नव्हतो, गुरुजी. देव छातीशी होता. दर पहिल्या शुक्रवारी अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे त्याला असोच नेतां. त्याच्याबरोबर चालताना वाटेत दुसऱ्याशी गजाली करायच्या नाहीत, ही आमची रीत."

गुरुजींनी खिशातून मला काढून पुढे केले. फादर हसले. "ठेवा तुमच्यापाशी. तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त उपयोगी."

गुरुजींचा स्वभाव एका संध्याकाळीत पालटला, असे मी म्हणणार नाही. खोटे बोलायची मला सवय नाही. पण पुढे एकदा फादर पुन्हा तसेच, छातीशी हात धरून, गुरुजींच्या दारावरून चालले होते. रघुनाथ त्यांना हाक मारणार, तोच गुरुजींनी त्याचा दंड धरला. डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बोलू नकोस. ते एकटे नाहीत."

गुरुजींनी मला शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला अडकवले. फादर गेले, गुरुजींची बदली झाली, मी इथेच आहे. अंगावर हिरवा गंज चढला आहे. मुले मला बाजूला सारून पुस्तके नेतात आणि मी अजून प्रत्येकाच्या बोटांकडे पाहते. जन्माची खोड जात नाही. पण मित्रांनो, पुस्तके परत येतात.

आता नव्या हेडमास्तरांनी चावीवाल्याला बोलावले आहे. तो आला तर त्याच्याकडून माझ्यात दोन थेंब तेल घालून घ्या, मऊ फडक्याने मला पुसा. तेवढे मला हवे आहे. पण किल्ली करू देऊ नका. मी कुलूप आहे, बंद झाले की मी माझे काम चोख करते. कपाटासमोर कोण बसले आहे, ते मला कळत नाही.