डेड्झाच्या चढावर फुटलेला पाइप

माझ्या धाकट्या भावाचं, उलेमूचं, लग्न पक्कं करायला आम्ही पहाटे पाच वाजता झोंबाहून निघालो. आम्ही म्हणजे मी, फायसन मामा आणि टोपलीतला पांढरा कोंबडा. उलेमू आणि बाकीची मंडळी आदल्या दिवशीच बसनं डेड्झाला मुलीकडे, झिओनेच्या घरी, जाऊन पोहोचली होती. पण मामा पोहोचल्याशिवाय तिथं काहीच होणार नव्हतं. आमच्याकडे मलावीत बोलणी मामानंच करायची असतात. मुलाचा मामा कोंबडा देतो, मुलीचा मामा कोंबडी देतो, आणि मग लग्न पक्कं झालं असं म्हणायचं. पुढं त्या जोडप्यात बिनसलं तरी समजूत घालायला हीच माणसं.

मामा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. करड्या रंगाचा सूट, वर टाय, आणि खिशात चार पानी भाषण. गाडीही त्यांचीच, एकवीस वर्षांची पिकअप. ती आजवर रस्त्यात कधी थांबली नाही, हे त्यांनी लिवोंडेपर्यंत दोनदा सांगितलं. रेडिएटरचा पाइप बदलून घ्या असं गॅरेजवाला सावकारासारखा सारखा मागे लागलाय, हेही सांगितलं. पाइप बाहेरून चांगला काळा कुळकुळीत दिसत होता, म्हणून त्यांनी ऐकलं नव्हतं.

न्चेऊ सोडलं की रस्ता चढायला लागतो. जूनचा महिना, धुकं आणि बोचरी थंडी. तिथं रस्त्याच्या उजव्या हाताला आपण आणि डाव्या हाताला मोझांबिक. मध्ये कुंपण नाही की काही नाही. इकडच्या शेळ्या तिकडे चरतात, तिकडची माणसं इकडे साबण घ्यायला येतात. आम्ही एका लॉरीच्या मागे रखडत चाललो होतो. तेवढ्यात पुढून फट्ट असा आवाज आला आणि समोरची काच पांढरी झाली. मला वाटलं धुकंच दाट झालं. पण ती वाफ होती.

मामांनी गाडी कडेला घेतली, उतरले, बॉनेट उघडलं आणि सूटच्या बाहीनं हात झाकून सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"ए, हात काढ!"

आवाज पलीकडून, म्हणजे परदेशातून आला. कडेच्या चरापलीकडे बटाट्यांच्या बादल्या मांडून एक बाई बसली होती. ती उठून आमच्याकडे धावत येत होती. मामांनी हात काढला, पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू भाजलंच. चाळीस वर्षांत त्यांना कुणी 'काढ' म्हटलं नव्हतं.

बाई जवळ आली, सूट पाहिला, टाय पाहिला, आणि गुडघ्यात किंचित वाकून रीतसर नमस्कार केला. म्हणाली, "माफ करा मास्तर. 'काढा' म्हणेपर्यंत तुमचं तोंड भाजलं असतं."

ते मास्तर आहेत हे तिला कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. ती म्हणाली, दुसरं कोण असा टाय बांधून गाडी दुरुस्त करतं?

तिचं नाव देल्फिना. पन्नाशीची, अंगानं आडवी, डोक्याला लोकरीची टोपी. तिचा नवरा तिकडच्या टेटे शहराकडे ट्रक चालवायचा आणि सहा वर्षं ती त्याच्या शेजारी बसून फिरली होती. तो गेला, ट्रक विकला, आणि ती माहेरी येऊन बटाटे लावायला लागली. हे सगळं तिनं बॉनेटमध्ये डोकं घालूनच सांगितलं. मग म्हणाली, वरचा पाइप फुटलाय. भेग चांगली बोटभर लांब आहे आणि मधोमध आहे. टोकाला असती तर तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवता आला असता. आता बांधावाच लागेल. पण आधी अर्धा तास कुणी कशाला हात लावायचा नाही.

त्या अर्ध्या तासात उलेमूचे तीन फोन आले. तिन्ही वेळा मामांनी, "आलोच, जवळच आहोत," असं सांगितलं. अजून तीस किलोमीटर बाकी होते. चौथा फोन आला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी उलेमूला खरं काय ते सांगून टाकलं.  तो हळूच म्हणाला, "ताई, झिओनेचे मामा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतायत."

इंजिन निवल्यावर देल्फिनाबाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या आणल्या. बटाट्यांची पोती सायकलला बांधायला तिथं सगळेच त्या वापरतात. पाइप कोरडा पुसून त्यांनी भेगेच्या बराच खालून गुंडाळायला सुरुवात केली. पट्टी ताणायची, अर्ध्यावर अर्धी चढवायची, पुन्हा ताणायची. एकावर एक तीन थर झाले. मामांना पाणी आणायला पाठवलं. ते सूट सावरत मोझांबिकमध्ये गेले आणि दोन कॅन घेऊन मलावीत परत आले. पाणी ओतून झाल्यावर झाकण पूर्ण आवळायचं नाही, नाहीतर आत दाब धरेल आणि पट्ट्या सुटतील, असं बाईंनी बजावलं. गाडी सावकाश हाकायची, आतला हीटर पूर्ण सोडायचा म्हणजे इंजिनची उष्णता तिकडून निघून जाते, आणि दर पाच किलोमीटरला थांबून पट्ट्या आवळायच्या.

"आणि सुटायला लागल्या तर कळणार कसं?" मी विचारलं.

"ऐकू येतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मामांच्या कानाला सभेतला मागच्या रांगेतला खोकला ऐकू येतो, इंजिन नाही. पण तिला विचारणं त्यांना जड जात होतं. मग मीच म्हटलं, मावशी, आमच्याबरोबर डेड्झापर्यंत चला ना. संध्याकाळी आम्ही तुम्हाला घरी सोडू.

तिनं टोपलीतल्या कोंबड्याकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. "असं काम आहे होय! मग या कपड्यांत नाही यायची मी," म्हणून ती घरी गेली. दहा मिनिटांनी आली ती कमरेला नवंकोरं निळं छापील कापड गुंडाळून, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल बांधून. बादल्या शेजारणीकडे सोपवल्या होत्या.

पुढचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. बाहेर कुडकुडायला लावणारी थंडी आणि आत हीटरनं भट्टी पेटलेली. मधे मामा, त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा. गाडी मी चालवत होते. देल्फिनामावशी खिडकीबाहेर कान काढून बसलेली. पाच वेळा थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा मामा स्वतः उतरले, कोट काढून मला दिला आणि म्हणाले, "दाखवा मला, कसं आवळायचं ते." तिसऱ्यांदा त्यांनी एकट्यानं आवळलं. मावशी फक्त शेजारी उभी होती.

पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. अंगणात चटया अंथरलेल्या, सत्तर-ऐंशी माणसं दोन बाजूंना बसलेली, आणि मध्ये झिओनेचे मामा, लेव्हिसन कापाले, हातावर घड्याळ आणि कपाळावर आठी. कोंबडा मावशीच्या काखेत होता, कारण मामांचे हात काळे झाले होते. मामांच्या शेजारून कोंबडा घेऊन चालत येणारी बाई म्हणजे मुलाकडचं मोठं माणूस, असं सगळेच धरून चालले. त्यांनी तिला मामांच्या शेजारी, मानाच्या चटईवर बसवलं. मी काही बोलणार होते, पण मामांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

उशीर झाला की टोमणे खावेच लागतात, तो मुलीकडच्यांचा हक्कच. कापाले मामांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली म्हणे. मुलगाही असाच वाटेत बंद पडतो का?"

मंडळी हसली. मामांनी खिशात हात घातला. भाषण घामानं भिजून त्याचा लगदा झाला होता. ते पानं सोडवत राहिले. सगळं अंगण वाट बघत होतं, आणि उलेमूचं तोंड एवढंसं झालं होतं.

तेव्हा मावशी बोलली. बसल्या जागेवरूनच, हात मांडीवर ठेवून. "पडेल की. आमचाही पडेल, तुमची मुलगीही पडेल. सहा वर्षं मी नवऱ्याच्या शेजारी ट्रकमध्ये बसले, आम्ही काय रोज गोडच बोलायचो? पण गरम असताना झाकण उघडायचं नाही, एवढं मी शिकले. निवू द्यायचं, मग बघायचं."

 झिओनेच्या आजीनं जीभ हलवून आनंदाची लांबलचक किलकारी दिली, आणि मागोमाग सगळ्या बायकांनी. कापाले मामांची आठी गेली. त्यांनी उठून स्वतः कोंबडी आणली.

जेवणं होईपर्यंत मामांना चैन पडेना. खोटेपणा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा घास हातात तसाच धरून त्यांनी कापाले मामांना सांगून टाकलं, की ही बाई आमची कुणी नाही. सकाळी रस्त्यात भेटली, आडनावसुद्धा मला ठाऊक नाही.

कापाले मामांनी सावकाश घास गिळला. "मग विचारून घ्या," ते म्हणाले. "माझ्या भाचीच्या संसारात मला ती बाई हवी. तुम्ही असलात तरी चालेल."

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. उलेमू आणि झिओने यांचं दोनदा कडाक्याचं वाजलं. एकदा त्याच्या आईवरून, म्हणजे आमच्याच आईवरून, आणि एकदा एका फ्रिजवरून. दोन्ही वेळा त्यांनी मामांना फोन केला नाही, सीमेपलीकडे मावशीला केला. गेल्या मार्चमध्ये बाळ झालं तेव्हा पहिला निरोपही तिकडेच गेला. मामा याबद्दल कुरकुर करतात. आपल्याला कुणी विचारत नाही म्हणतात. पण तिला आणायला दर वेळी तेच जातात, आदल्या दिवशी गाडी धुऊन, टाय बांधून. आणि परत येताना बटाट्यांचं एक अख्खं पोतं आणतात. ते सगळ्या शेजाऱ्यांना वाटता वाटता माझ्या आईच्या नाकी नऊ येतात.