निनावी नमस्कार

मार्गशीर्षातल्या लवकर विझणाऱ्या संध्याकाळी श्रीधर, माझा नवरा, सातपूरच्या कारखान्यातून घरी यायचा, तेव्हा त्याच्या आधी त्याचा गंध दारात पोचायचा. लोखंडाच्या किसाचा, यंत्राच्या तेलाचा, आणि त्या दोहोंच्या आड दडलेला लवंगेचा. दारूचा वास झाकणाऱ्या त्या लवंगेवर माझा विश्वास नव्हता. बूट काढताना तो भिंतीला खांदा टेकवतो का, ‘वाढ’ म्हणताना त्यातला ‘ढ’ जड होतो का, हे मी स्वयंपाकघरात पोळी भाजता भाजता ऐकत असे. आणि बहुतेक दिवशी तो जड होत असे.

उंच, सडसडीत, लांब बोटांचा माणूस. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या घरात जन्मल्यामुळे आवाज मात्र देवळाच्या गाभाऱ्यासारखा, खोल आणि घुमणारा. त्या आवाजात त्याने देवाचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. यजमान पळवण्यावरून चुलत्यांची भांडणं, घाबरलेल्या माणसाच्या कुंडलीत आणखी भय पेरणारी गोड वाणी, हे सगळं लहानपणी जवळून पाहिलेला तो मुलगा पुढे यंत्रांकडे वळला. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणायचा. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याच्याशी बोलणं टाकलं ते तेव्हापासूनच.

मग एका पावसाळ्यात तो कारखान्यातच कोसळला. कावीळ, इस्पितळ आणि तिथून व्यसनमुक्ती केंद्र. परतला तो निम्मा होऊन. संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेली माणसं जमत, तिथे जाऊ लागला. पहिल्याच आठवड्यात हसत म्हणाला, ‘‘तिथेही शेवटी देवच निघाला.’’ आपल्या हातात काही उरलं नाही हे मान्य करायचं आणि आपल्याहून मोठ्या अशा कुणावर तरी भार टाकायचा, असं त्याला सांगितलं होतं. जो देव विकला जाताना पाहिला, त्याच्यावर भार कसा टाकायचा, हे तो मला विचारत होता. ही दारू पुन्हा सुरू करण्याची सबब तर नव्हे, एवढाच विचार माझ्या मनात आला.

काही महिन्यांनी, थंडीत, तो पहाटे गच्चीवर जाऊ लागला. माझा संशय अनवाणी पायांनी त्याच्यामागे जिना चढला. कठड्याशी तो उभा होता. पांडवलेण्यांच्या डोंगरामागे अजून काळोख होता, आणि त्याने हात जोडले होते. समोर ना मूर्ती, ना सूर्य. दारू सुटली ती कुणा बुवाच्या नादाने, असं मला वाटलं. एका नशेने दुसरीला जागा करून दिली असावी.

‘‘कोणाला नमस्कार करतोस?’’ मी विचारलं.

तो दचकला नाही. ‘‘माहीत नाही. तो मी नाही, एवढं नक्की.’’

श्रावणात तो म्हणाला, त्र्यंबकला जाऊन येतो. तिथे त्याचे पिणारे जुने सोबती होते, म्हणून मीही बसमध्ये चढले. ब्रह्मगिरी ढगांत बुडाला होता आणि गल्ल्यांतून ओल्या बेलाचा वास वाहत होता. पण सोबत्यांकडे न वळता तो सरळ घरी गेला. आप्पा ओसरीवर सोवळं वाळत घालत होते. इतक्या वर्षांनी मुलगा समोर उभा राहिला, तरी हात थांबले नाहीत.

श्रीधरने तब्येत विचारली नाही, क्षमा मागितली नाही. ‘‘आप्पा, जन्मभर पूजा केलीत. समोर कुणी आहे असं कधी वाटलं?’’

ते सोवळ्याच्या सुरकुत्या काढत राहिले. हा उद्धटपणा समजून ते घराबाहेर काढतील, असं मला वाटलं.

‘‘कधीमधी,’’ ते म्हणाले. ‘‘बहुतेक वेळा नाही. पण नाही वाटलं, त्या दिवशीही घंटा वाजवली.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘सूनबाई, पानं मांडा.’’

परतीच्या वाटेवर श्रीधर खिडकीला डोकं टेकून रडत होता, आवाज न करता. मी मात्र बाप-लेकाच्या त्या बोलण्यातही काही डाव आहे का, ते चाचपत बसले.

पुढच्या वैशाखात सटाण्याला माझ्या मामेभावाचं लग्न होतं. मांडवामागे पिणाऱ्या पुरुषांची बैठक जमली, आणि श्रीधर दिसेना. मी वेड्यासारखी शोधत फिरले. ‘‘तुमना मालक तठे चाळमा शे,’’ एका म्हातारीने कांद्याच्या चाळीकडे बोट दाखवलं. चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या, कांद्यांचा उग्र, उबदार वास कोंडला होता. तो बांबूच्या खांबाला कपाळ टेकून पुटपुटत होता, ‘‘आजचा दिवस सांभाळ. मला जमत नाहीये.’’

माझी चाहूल लागताच तो वळला. माझ्या नाकपुड्या काय करताहेत, हे त्याने ओळखलं. पूर्वी अशा वेळी तो भांडं फेकायचा. आता तो वाकला, तोंड माझ्याजवळ आणलं आणि लहान मुलासारखा ‘हा’ करून श्वास सोडला.

‘‘घे बघून,’’ म्हणाला. ‘‘रोज बघत जा. मला राग नाही.’’

त्यानंतर तो रोज दारात थांबून वाकत असे आणि मी रोज बघत असे. त्याला जे कुणी गवसलं होतं, त्याच्यावर माझी श्रद्धा बसली नाही. ते खरोखर होतं की एका बुडत्या माणसाने आपल्याच आवाजाला दिलेलं ते रूप होतं, मला आजही ठरवता येत नाही. पण दारू त्याने पुन्हा शिवली नाही.

यकृताची झालेली हानी मात्र भरून आली नाही. गेल्या आश्विनात तो गेला, शुद्धीवर, माझा हात धरून. आप्पांनी मुलाच्या अंत्यविधीचे मंत्र स्वतः म्हटले. आवाज एकदाही चिरकला नाही. शाळेतल्या त्या वर्गातली माणसं आली आणि भिंतीशी उभी राहिली.

ज्यांच्यावर मी डोळे मिटून विसंबले, ती माझी कितीतरी माणसं स्मृतीत आता धूसर होत चालली आहेत. श्रीधर तेवढा लख्ख उरला आहे, त्याच्या पापणीच्या फडफडण्यासकट; कारण तो होता तोवर माझी नजर त्याच्यावरून कधी हटलीच नाही, आणि संशयाने जपलेलं ते सगळं आता काळालाही माझ्याकडून काढून घेता येत नाही.