किडे खाणारा पाहुणा

धान्यवाल्याची फुशारकी एकच, आणि गिऱ्हाइकाने पिशवी उघडायच्या आत तो ती ऐकवायचा. "आपल्या दुकानात किडा औषधालाही सापडायचा नाही." तो 'आपल्या' म्हणाला की बायको आत निघून जायची.

त्या सकाळी एक नवरंग पक्षी दाराच्या काचेवर आपटून उंबऱ्यात पडला. हिरवी पाठ, निळे खांदे, पोटाखाली लालभडक. धान्यवाला बघताक्षणीच विरघळला. पक्ष्याला खोक्यात ठेवून त्याने पाहुणचार मांडला. आधी तांदूळ, मग बाजरी, मग दुकानातले सगळ्यात उंची मूग. पक्ष्याने ढुंकूनही पाहिलं नाही. धान्यवाल्याला ते भलतंच लागलं.

दुपारपर्यंत पक्ष्याने मान टाकली. तेवढ्यात शाळेतून निवृत्त झालेल्या बाई डाळ घ्यायला आल्या. लहानपणी त्यांनीच धान्यवाल्याला शिकवलं होतं, आणि अजूनही त्या त्याची डाळ उत्तरपत्रिकेसारखी तपासत.

"अरे, दाणे कसले घालतोस? हा किडे खातो," बाई म्हणाल्या. "आत्ता काही पोटात गेलं नाही, तर जाईल बिचारा."

मागच्या खोलीत रव्याचं एक जुनं पोतं होतं. त्याची खबर फक्त नवरा-बायकोला. दुकानात बाईंखेरीज आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती. बायको मागच्या दाराकडे पाहत राहिली.

पक्ष्याने डोळे मिटले. आता मात्र धान्यवाल्याला राहवेना. पोतं फरफटत आणून त्याने सगळ्यांदेखत परातीत उपडं केलं. किडे सैरावैरा पळाले, अळ्या वळवळल्या. शरमेने कान लाल झालेल्या धान्यवाल्याने एक अळी चिमटीत धरून पक्ष्याच्या चोचीशी नेली. पक्ष्याने ती गिळली. मग दुसरी. सातव्या अळीला पाहुणा उठला, टुणकन परातीत उतरला आणि स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं तसा जेवू लागला. धान्यवाल्याला हसूही आलं आणि रडूही.

"दोन किलो तूरडाळ दे," बाई म्हणाल्या.

"तपासून घ्या, बाई."

"नको. किडा नाहीच म्हणायचास, म्हणून दाणा न् दाणा बघावा लागायचा. आता चांगली कुठली, ते तूच सांगशील."

धान्यवाल्याने उजवीकडच्या डब्यात घातलेला हात हळूच बाहेर काढला आणि डावीकडच्या डब्यातली डाळ मापली.